भोंग्याची गाडी थांबली की

आमच्या पुएर्तो साल्विदेत कोणी मेल्याशिवाय भोंग्याची गाडी थांबत नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. गाद्यांचा सेल असो, सर्कस असो, नगरपालिकेने पाणी बंद ठेवायचं असो, गाडी हळूहळू चालत राहायची, कर्ण्यांतून कुंबिया या नाचगाण्याची धून वाजत राहायची आणि तिच्यावरून क्लेलियाचा आवाज काय ते सांगत जायचा. कोणी ऐकायचं, बहुतेक ऐकायचे नाहीत. पण मयताची बातमी असली की गाडी कोपऱ्यावर उभी राहायची. धून बंद, इंजिन बंद. एक लांब श्वास घ्यावा इतका वेळ काहीच नाही. मग क्लेलिया म्हणायची, "शेजाऱ्यांनो." तोवर बायका हात पुसत फाटकाशी आलेल्या असायच्या आणि पुरुषांनी टोप्या काढलेल्या असायच्या.

ती पांढरी रेनो मुळात तिच्या नवऱ्याची, इलारिओची. तो चालवायचा आणि ही शेजारी बसून बोलायची. तो गेला त्या दिवशी हिने स्वतःच गाडी काढली, सगळे कोपरे घेतले आणि त्याची बातमी त्याच शब्दांत सांगितली, आवाज हलू न देता. गावाला त्याचं फार कौतुक वाटलं. कौतुक करून सगळे आपापल्या घरी गेले, आणि तेव्हापासून ही एकटीच चालवते आणि एकटीच बोलते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं गाव तिला ओळखतं, तर तिला माणसांचा काय तोटा? तर तीच तर गंमत आहे. आवाज सगळ्यांच्या घरचा, बाई कोणाच्याच घरची नाही. क्लेलिया पायी चालत कोणाच्या फाटकाशी गेली की घरातला माणूस हातातलं काम टाकून उठायचा. साखर मागायला गेली तरी आधी "कोण गेलं?" हाच प्रश्न. शेवटी तिने साखर मागायला जाणंच सोडलं. शनिवारी सरकारी आकड्याच्या दुकानात जाऊन ती अठ्ठेचाळीसवर पैसे लावायची. आमच्याकडे स्वप्नात बोलणारं मढं आलं की अठ्ठेचाळीस लावतात. दुकानदार, आमच्याकडे वयस्क बाईला आदराने म्हणतात तसं दोन्या लावून, म्हणायचा, "दोन्या क्लेलिया, तुम्हाला स्वप्न कशाला पडायला हवं, तुमचा तर धंदाच तो." हा तिच्या आठवड्यातला मोठा संवाद.

एकदा तर हसूच झालं. रोसेंदो फरशीवाल्याच्या कोपऱ्यावर रेनोचं इंजिन गचके खाऊन बंद पडलं. गाडी थांबली, आवाज थांबला. क्लेलिया किल्ली फिरवतेय तोवर सगळी आळी दारात. रोसेंदो अर्ध्या गालाला साबण लागलेला, टोपी छातीशी धरून उभा. समोरच्या म्हातारीने तर रडायला सुरुवातही केली, कोणासाठी ते नंतर ठरवणार होती. क्लेलियाला कर्ण्यातून सांगावं लागलं, "शेजाऱ्यांनो, कोणी गेलं नाही. कार्ब्युरेटर गेलाय." मग सगळे हसत हसत रस्त्यावर उतरले आणि रोसेंदोने साबणासकट गाडी ढकलली. पुढे कितीतरी दिवस लोक विचारायचे, "कार्ब्युरेटरचं दफन कधी?" तिला ते आवडायचं. थट्टा करतात म्हणजे आपण जिवंत माणसांत मोडतो, असं तिला वाटायचं.

बाकी तिची एकच जागा होती. नदीकाठी जुना मालधक्का आहे, आगगाड्या बंद पडल्या तेव्हापासून ओस. तिथे म्हाताऱ्यांनी टेबलं टाकून मंडळ केलेलं. दुपारी पत्ते, घेवड्याच्या दाण्यांवर. क्लेलियाच्या टेबलावर एव्हारिस्तो, जो रेल्वेत सांधेवाला होता, ओविदिओ मास्तर, ज्यांनी अर्ध्या गावाला लिहायला शिकवलं आणि जे अजूनही गावाच्या चुका काढतात, आणि सुलेमा. सुलेमा म्हणजे लबाड बाई. पत्ते बाहीत लपवायची आणि पकडली गेली की, "काय गं, माझ्या म्हातारपणाचा तरी मान ठेव," असं वर क्लेलियालाच ऐकवायची. क्लेलिया तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्या टेबलावर क्लेलियाला कोणी "कोण गेलं" विचारत नसे. तिथे तिच्याशी भांडायचे, तिला शिव्या घालायचे, तिचे दाणे ढापायचे. एवढ्यासाठी ती सकाळ कशीबशी ढकलायची.

तर एके दिवशी नगरपालिकेतून एक मजकूर आला, भोंग्यावरून सांगायचा. क्लेलियाने तो कुंबियाच्या तालावर गावभर वाचला: "नदीकाठ एकात्मिक विरंगुळा व सेवा संकुलाच्या अनुषंगाने, जुन्या रेल्वे आवाराच्या पुनर्नियोजनाबाबत आयोजित जनसुनावणीस नागरिकांचा सहभाग अपेक्षित आहे." आता ह्यात कॅसिनो कुठे आहे, ते तुम्हीच शोधा. क्लेलियाला वाटलं, सार्वजनिक संडास बांधत असतील. कोणीच मेलेलं नसल्यामुळे गाडी थांबली नाही, आणि गाडी थांबली नाही म्हणून गावाने ऐकलं नाही. सुनावणीला कंपनीची माणसं आली, नगराध्यक्षाचे मेहुणे आले, आणि पाऊस आहे म्हणून आडोशाला शिरलेला एक कुल्फीवाला. विरोधात कोणी बोललं नाही, अशी नोंद झाली. नंतर पेपरात चित्र आलं, मालधक्क्याच्या जागी काचेची इमारत आणि तिच्यावर दिव्यांचं भलंमोठं चाक, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आमच्या मयताचं बोलावणं तू कुंबियावर वाचलंस होय?" एव्हारिस्तो म्हणाला.

"मला काय ठाऊक? त्यात कॅसिनोचा क सुद्धा नव्हता."

"शब्द वाचायचे असतात, क्लेलिया," ओविदिओ मास्तर म्हणाले. "नुसते उच्चारायचे नसतात."

मंडळातून तिला कोणी जा म्हटलं नाही. तिचे पत्ते वाटले जात, तिला माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, दिला जाई. पण त्या दिवसापासून तिच्याशी कोणी भांडेना. तिने मुद्दाम चुकीचं पान टाकून पाहिलं, तरी एव्हारिस्तो "असू दे, असू दे" म्हणाला. पाहुणीशी वागावं तसं वागायला लागले. ती घरी येऊन इलारिओच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची आणि तिला वाटायचं, मालधक्का पाडायच्या आधीच माझ्यापुरता पडला.

मास्तर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सह्या गोळा केल्या, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं, इतकं डोकं खाल्लं की नगराध्यक्षाने शेवटी हात टेकले आणि गावाचा कौल घ्यायचं कबूल केलं. एका रविवारी मतदान, हो किंवा नाही. आणि मग सगळ्यांना एकदम क्लेलियाची आठवण झाली.

आधी आली कंपनीची मिकाएला. तरुण पोरगी, बोलायला गोड, हातात बिस्किटांचा डबा. तिला मी वाईट म्हणणार नाही. तिचा बाप मांस कारखान्यातून घरी बसवलेला, आणि गावात दिवे लागावेत, पोरांना वेटरची का होईना नोकरी मिळावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

"आम्ही जुगार हा शब्द वापरत नाही, सेन्योरा," ती म्हणाली. "त्याने लोकांच्या मनात उगाच भीती बसते. हा विरंगुळा-उद्योग आहे."

"मी पण मेलेल्याला 'निवर्तले' म्हणते गं पोरी," क्लेलिया म्हणाली. "पण तो मेलेलाच असतो."

मिकाएला हसली. मग डबा पुढे सरकवून तिने खरं काम काढलं. कंपनीचा मजकूर वाचायचा, पण गाडी थांबवून. प्रत्येक कोपऱ्यावर, शांतता ठेवून, मयताला थांबवतात तशी. त्याचे पैसे इतके की क्लेलियाने इलारिओची बायको झाल्यापासून एकरकमी पाहिले नव्हते.

"मेलंय कोण?" क्लेलियाने विचारलं.

"कोणी नाही, सेन्योरा."

"मग गाडी चालती राहील."

मिकाएलाने खूप समजावलं, पण ही ढिम्म हलली नाही. पोरगी गेल्यावर हिने डब्यातलं एक बिस्किट खाल्लं आणि आपल्याशीच म्हणाली, इलारिओ असता तर खूश झाला असता. नियम हा त्याचा होता.

दोन दिवसांनी दारात सुलेमा. इलारिओ गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात माणूस म्हणून कोणी बसलं नव्हतं. सुलेमा आली ती थेट इलारिओच्या खुर्चीत बसली, चपला काढल्या, पाय ताणले आणि म्हणाली, "अगं बघतेस काय? माते ठेव. आणि तळलेलं काही असेल तर तेही."

क्लेलियाने पीठ मळायला घेतलं. सुलेमा बडबडत होती. मास्तरांनी मजकूर लिहिलाय, फार भारी आहे, वाचून एव्हारिस्तोने नाक शिंकरलं. फक्त एक आहे, तो थांबून वाचायला हवा.

"मेलंय कोण?" क्लेलियाने पाठमोरंच विचारलं.

"मालधक्का मरतोय की. तो मेला की आधी मी मरेन, मग तू. घरात बसून भिंतींशी पत्ते खेळणार आहेस का?"

"सुलेमा, तो नियम आहे."

"हो, आहे. माणसांसाठी आहे ना? मग माणसं काय सांगतायत ते ऐक. एकदाच गं. एकदाच थांब."

तेल तापलं. क्लेलियाने तोर्ता, म्हणजे आमच्या जाड पुऱ्या, सोडल्या, काढल्या, साखर भुरभुरली. सुलेमाने पहिलीच तोंडात घातली, जीभ भाजून घेतली आणि तिलाच शिव्या दिल्या. खरं सांगायचं तर क्लेलियाने मालधक्क्यासाठी हो म्हटलं नाही. ती खुर्ची उद्याही भरलेली असावी, म्हणून म्हटलं.

पहिलाच कोपरा रोसेंदोचा. गाडी थांबली. धून बंद, इंजिन बंद. दारं उघडली, टोप्या उतरल्या. "शेजाऱ्यांनो," क्लेलिया म्हणाली, "अत्यंत दुःखाने कळवते की आपला नदीकाठ निवर्तला. त्याच्या मागे त्याची झाडं, त्याचा मालधक्का आणि आपली सगळ्यांची संध्याकाळ आहे. त्याला मारणाऱ्याचं नाव कॅसिनो. अजून त्याला उठवता येईल. रविवारी नाही म्हणा." समोरच्या म्हातारीचे डोळे भरून आले. कोणीतरी टाळी वाजवली. रोसेंदो मात्र टोपी हातात धरून गाडीजवळ आला.

"म्हणजे मेलं कोणीच नाही?" त्याने विचारलं.

"नाही," क्लेलिया म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि टोपी घालून आत गेला.

तिला ते "बरं" आवडलं नाही. पण त्या दुपारी मंडळात तिच्या नावाने टेबलं बडवली गेली. गावात दुसरा विषयच नव्हता. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, सलूनमध्ये, जो तो नदीकाठ मेला की मेला नाही यावर तावातावाने बोलत होता. एव्हारिस्तोने तिच्यावर पान चोरल्याचा आळ घेतला. तिने पान चोरलं नव्हतं, तरी तिला इतका आनंद झाला की तिने कबूल करून टाकलं.

एकदाच म्हटलेलं एकदाच राहतं होय? दुसऱ्या आठवड्यात कंपनीने राजधानीतून नवीकोरी व्हॅन आणली. तीही कोपऱ्यावर थांबायला लागली. तीच शांतता, तेवढाच श्वास, आणि मग कोणा भाड्याच्या बाईचा मधाळ, ध्वनिमुद्रित आवाज: "शेजाऱ्यांनो, खरी गोष्ट अशी आहे, की पुएर्तो साल्विदे पुन्हा जिवंत होतंय." सकाळी ही, दुपारी ती. मास्तर चिडले. त्यांनी मजकूर आणखी तिखट केला. हे खरं आहे, शेजाऱ्यांनो, आपल्या मुलांची झोप निवर्तली. हे खरं आहे, शेजाऱ्यांनो, आपल्या बायकांची भिशी निवर्तली. मास्तरांना आपण लिहितोय ते आवडायला लागलं होतं, तेच वाईट. मी त्यांचाच विद्यार्थी, पण बोलायचं ते बोलायलाच हवं. मिकाएला जुगाराला विरंगुळा म्हणत होती आणि मास्तर रागाला मरण म्हणत होते, आणि दोघांनाही आपण गावासाठी करतोय असंच वाटत होतं.

क्लेलिया काचेतून बघत होती. आधी टोप्या उतरेनाशा झाल्या. मग लोक फाटकाशी येईनासे झाले, खिडकीतून बघायला लागले. मग थंडी वाढली आणि "शेजाऱ्यांनो" म्हटलं की खिडक्या लागायला लागल्या, आतून टीव्ही मोठा व्हायला लागला.

"मतदान होऊ दे," सुलेमा म्हणाली. "सगळं विसरतील. लोक काय, नवऱ्याला विसरतात."

"मी नाही विसरले."

"तू वेगळी आहेस. तू गावाचं लक्षात ठेवायचं काम घेतलंयस." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, झोप नि भिशी कोण ऐकतंय? माणसांची नावं घाला. माझं घाला. म्हणा, मालधक्का पडला आणि त्या धक्क्याने सुलेमा निवर्तली. बघू तरी कोण रडतं."

"असलं बोलू नये," क्लेलिया म्हणाली.

"अगं, मी जिवंत आहे म्हणूनच तर बोलतेय. नंतर तू माझी बातमी सांगशील तेव्हा मी ऐकायला असणार आहे का? तुझ्या तोंडून एकदा ऐकायची मला हौस आहे."

मास्तरांनी लिहिलं. क्लेलियाने वाचलं, सगळ्या कोपऱ्यांवर वाचलं. मागच्या सीटवर सुलेमा कोणाला दिसू नये म्हणून आडवी पडून तोंडावर शाल दाबून हसत होती. "अजून थोडं दुःखाने," ती मधूनच कुजबुजायची. "एवढीच किंमत का गं माझी?" पहिल्या दिवशी दोघीतिघी खरंच घाबरून धावत बाहेर आल्या. सुलेमा सीटवर उठून बसली, त्यांना हात केला. गावभर हशा झाला. दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही.

पुढे रविवारी मतदान झालं, थोडक्यात का होईना "नाही" जिंकलं, मालधक्का अजून उभा आहे, ते तुम्हाला येऊन बघता येईल. पण सुलेमा गेली ती त्याच्या आधीच्या गुरुवारी. सकाळी माते ठेवायला उठली आणि किटलीशीच पडली. शेजारणीने क्लेलियाला फोन केला. क्लेलियाने ऐकलं, फोन ठेवला, गॅसवरची आपली किटली बंद केली आणि गाडी बाहेर काढली. रडायला वेळ नव्हता, रडून आवाज बसला असता.

रोसेंदोचा कोपरा. धून लावलीच नव्हती. इंजिन बंद केलं. तिने नेहमीपेक्षा लांब श्वास घेतला.

"शेजाऱ्यांनो," ती म्हणाली. समोरची खिडकी लागली. "अत्यंत दुःखाने कळवते की सुलेमा आज सकाळी निवर्तली."

काही हललं नाही. कुठूनतरी टीव्हीवरच्या पाककृतीचा आवाज येत होता.

"हे खरं आहे," क्लेलिया कर्ण्यातून म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हेही शब्द आता आपल्याजवळ उरलेले नाहीत. व्हॅन रोज "खरी गोष्ट" सांगत होती, आणि "हे खरं आहे" तर तिने स्वतःच किती वेळा म्हटलं होतं. दुसरे कुठले शब्द घ्यावेत ते तिला सुचेना. तिने मयताजवळ बसायची आणि दफनाची वेळ सांगितली आणि पुढच्या कोपऱ्यावर गेली. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने गाडीकडे बघून मान हलवली, हसली, आणि उरलेले कपडे वाळत घातले. क्लेलियाने सगळे कोपरे घेतले, एकही सोडला नाही. शेवटच्या कोपऱ्यावर ती गाडीतून उतरून उभी राहिली, तेवढ्याने तरी लोकांना कळेल म्हणून. तिथे कंपनीची व्हॅन आधीच थांबलेली होती आणि तिचं चालू होतं.

दफनवाल्याच्या खोलीत पेटीसमोर खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. सुलेमासारख्या बाईला कमी पडतील म्हणून त्याने शेजारच्या शाळेतून आणखी आणवल्या होत्या. आली पाच-सहा माणसं. एव्हारिस्तो, मास्तर, ती शेजारीण, मंडळातले एकदोघं. सुलेमाचा मुलगा लेआंद्रो दुपारच्या बसने राजधानीतून आला, तो दारातच थबकला. मास्तर पेटीकडे बघत नव्हते. ते क्लेलियाजवळ सरकले आणि म्हणाले, "मी दुसरं काहीतरी लिहून देतो. पुन्हा एक फेरी मार."

"नको, मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही आता काही लिहू नका."

लेआंद्रो तिच्या शेजारी येऊन बसला. त्याने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग दबक्या आवाजात, लाजल्यासारखा, त्याने विचारलं, "आईला गावात कोणी ओळखत नव्हतं का हो, दोन्या? मला तर ती फोनवर सांगायची, सगळं गाव माझं आहे."

क्लेलियाला वाटलं, आत्ताच्या आत्ता हिच्या जागी आपण पेटीत झोपावं. "सगळं गाव तिचंच होतं रे," ती म्हणाली. "सांगणारीने घोळ केला."

त्याला ते समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरलं. लेआंद्रो परतीच्या बसला गेला, एव्हारिस्तो आणि मास्तर चालत मंडळाकडे वळले. "येतेस ना?" एव्हारिस्तोने विचारलं. "येते मागून," ती म्हणाली, पण तिने गाडी घराकडे घेतली. आता आपण मेलो की कोण सांगणार, आणि सांगितलं तरी कोण बाहेर येणार, हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं. इलारिओ गेल्यावर सुद्धा आलं नव्हतं. तेव्हा निदान गाव टोप्या काढून उभं होतं.

आणि रोसेंदोच्या कोपऱ्यावर रेनो गचके खाऊन बंद पडली.

तिने किल्ली फिरवली. काही नाही. हात चाकावर ठेवून ती बसून राहिली. कुठे दार वाजलं नाही, पडदा हलला नाही. एक कुत्रं आलं, टायर हुंगलं आणि गेलं. सवयीने ती फाटकांकडे एकेक करून बघत राहिली, आत्ता येतील, आत्ता येतील. शेवटी थंडीने बोटं वाकेनाशी झाली, तेव्हा उतरून तिने रोसेंदोचं दार वाजवलं.

रोसेंदोने दार किलकिलं केलं. तोंडात घास होता. "आमचं ठरलंय, दोन्या क्लेलिया," तो म्हणाला. "आमच्या घरातली सगळी मतं 'नाही'ला. आता तेवढं जेवू द्या."

"गाडी बंद पडलीय, रोसेंदो. ढकलतोस का?"

"असं होय." तो मोकळा हसला, टोपी डोक्यावर दाबली आणि बाहेर आला. "बघा, आता गाडी थांबली की कळतच नाही तुमचं, प्रचार आहे की कार्ब्युरेटर."

ती आत बसली, काच खाली घेतली. त्याने मागून खांदा लावला. गाडी हळूहळू सरकायला लागली. तो धापा टाकत बोलतच होता, रोसेंदो कधी गप्प बसलाय?

"काल ऐकलं की मी. सुलेमाबाई निवर्तल्या म्हणे, परत एकदा." त्याला हसू आवरेना. "मास्तरांना सांगा, एका बाईला किती वेळा मारायचं ते. बाकी काल तुम्ही मात्र झकास वाचलंत. बायको म्हणाली, आवाज अगदी खराखुरा लागलाय आज."

"आत्ताच पुरून आले तिला," क्लेलिया म्हणाली.

मागचा जोर एकदम सुटला. पण गाडीने तोवर वेग घेतला होता, आणि त्याच क्षणी इंजिन खोकून सुरू झालं. आरशात तिला रोसेंदो दिसला, रस्त्याच्या मधोमध, हात तसेच पुढे धरून. मग त्याने टोपी काढली. तिला थांबावंसं वाटलं, फार वाटलं. पण थांबली असती तर गाडी पुन्हा बंद पडली असती, म्हणून ती तशीच पुढे गेली.